म्हातारी मनी



आज मी तुम्हांला एका मांजरीची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. आधी ऐकून घ्या.

माझी पत्नी वारली आणि घर सुने झाले. काही दिवस मी पुण्याला लेकीकडे गेलो. तिथे टाकून दिलेल्या जनावरांचे एक आश्रयघर होते. लेक म्हणाली, "बाबा, एखादं मांजर न्या. तेवढीच सोबत होईल." मला पटले. घरी ज्वारीला उंदीर लागतातच. एखादे पिल्लू नेऊ म्हटले.

तिथे लोक पिल्लेच नेत होते. कोपऱ्यात एक म्हातारी मांजर बसली होती. वय दहा वर्षांच्या वर. तिची मालकीण वारली, मग घरच्यांनी तिला तिथे आणून सोडले. ती उठली आणि माझ्या पायाशी येऊन बसली.

माझ्या मनात आले, घरातले मांजर बहुधा बारा ते पंधरा वर्षे जगते. ही किती दिवसांची सोबती? एकदा रडून झाले आहे. पुन्हा जीव कशाला लावायचा? मी तिला बाजूला सारले आणि परत आलो.

रात्री झोप येईना. "देवा, वाट दाखव," म्हणत पडलो. तेव्हा नामदेव महाराज आठवले.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी गाव आहे. तेच त्यांचे जन्मगाव मानतात. जन्म सन १२७० चा. ते गुरू शोधत औंढ्याला गेले, अशी कथा आहे. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, "बाबा रे, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव." नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिथेही पिंड! देव नाही अशी जागाच नाही, हे त्यांना कळले.

दुसरी कथा तुम्हांला माहीत आहे. कुत्र्याने भाकरी पळवली. नामदेव मागे धावले, पण काठी घेऊन नव्हे. हातात तुपाची वाटी होती. कोरडी भाकर त्याच्या घशाला लागू नये, म्हणून!

मग मी कोणती वाट विचारत होतो? ती तर पायाशी येऊन बसली होती. सकाळी जाऊन मी मनीला घेऊन आलो.

गावात लोक म्हणाले, "गुरुजी, ही काय उंदीर धरणार?" खरेच, तिने फारसे धरले नाहीत. तिचे दात पडले होते. मी दूध दिले, तर तिला ढाळ लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले, "मोठ्या मांजरांना दूध पुष्कळदा पचत नाही. मऊ अंडे, मासे द्या. तिखट-मीठ नको. पाणी भरपूर ठेवा." मी तर माळकरी! दोन दिवस विचार केला. मग चुलीवर अंडे उकडले. तिचा देह देवानेच तसा घडवला आहे. तुपाची वाटी म्हणजे दुसरे काय?

डॉक्टरांनी तिला पिसाळीची लसही टोचली. तुम्हीही हे ध्यानात ठेवा. मांजर चावले किंवा ओरखडले, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. लगेच सरकारी दवाखान्यात जा. देवावर भरवसा ठेवायचा, पण इंजेक्शन चुकवायचे नाही.

मांजर आडवे गेले की काम बिघडते, असे आपण म्हणतो. मनी मला रोज आडवी जायची. माझे एकही काम बिघडले नाही.

ती अडीच वर्षे राहिली. एका पहाटे माझ्या पांघरुणावरच गेली. तिला चिंचेखाली पुरले. मी रडलो, हे लपवत नाही. पण ती अडीच वर्षे नको होती, असे एकदाही वाटले नाही.

मंडळी, म्हातारा बैल असो, म्हातारे मांजर असो, की म्हातारे माणूस असो. उपयोग संपला म्हणून कुणाला दाराबाहेर काढू नका. दारी आलेला जीव कोणी पाठवला, हे विचारत बसू नका. आधी त्याला खायला घाला.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. राम कृष्ण हरी.