कॅरो-कानच्या भिंतीला एफ३ची धडक

आजचा एपिसोड फोनवर बुद्धिबळ खेळणाऱ्या आपल्या बीडकडच्या पोरापोरींसाठी.

केजचा माझा मामेभाऊ दहावीत आहे. त्याची तक्रार एकच, "दादा, मी ई४ खेळलो की समोरचा सी६ करतो. मग हल्लाच होत नाही." हा कॅरो-कान बचाव. होरॅशियो कॅरो आणि मार्कुस कान यांनी १८८६ मध्ये त्याचं विश्लेषण केलं. पुढं बोटविनिक, कारपोव्ह यांच्यासारखे जगज्जेते तो खेळले. म्हणजे भिंत पक्की आहे.

ज्यांना कोच आहे, त्यांच्या मुख्य लाईन्स पाठ असतात. तिथं त्यांच्याशी पाठांतराची शर्यत कशाला लावायची? आपण आडवाट धरू: ई४ सी६, डी४ डी५ आणि आता एफ३! हिला फँटसी व्हेरिएशन म्हणतात.

एफ३ दिसायला विचित्र. घोड्याची जागाच अडते. पण काळ्यानं ई४ वर मारलं की आपण एफच्या प्याद्यानं मारतो. मध्यभागी दोन प्यादी शेजारी उभी राहतात, एफची पट्टी मोकळी होते. कॅसलिंग केलं की हत्तीची नजर थेट एफ७ वर.

आता नीट ऐका. काळा लगेच ई५ खेळतो. इथं डी४ च्या प्याद्यानं ते मारायचा मोह होतो. मारू नका! वजीर एच४ वर येऊन शह देतो. तुम्ही जी३ केलं, की वजीर ई४ चं प्यादं मारतो, पुन्हा शह, आणि कोपऱ्यातला हत्ती जातो. म्हणून आधी घोडा एफ३. त्यानं एच४ ची जागाही राखली जाते.

मग काळ्यानं उंट जी४ वर आणून घोडा बांधला, तर आपला उंट सी४ वर. आता धमकी आहे: उंटानं एफ७ मारून शह, राजानं उंट मारला की घोड्यानं ई५ मारून पुन्हा शह, आणि जी४ चा उंटही पडतो. एक उंट देऊन एक उंट आणि वर दोन प्यादी!

पण समोरचा हुशार असेल तर घोडा डी७ वर आणून ई५ राखेल. किंवा तिसऱ्याच चालीला ई६ खेळून मारामारी टाळेल. मग डाव बरोबरीचा चालतो. म्हणजे एफ३ ही जादू नाही. राजाभोवतीची जागा उघडी पडते, ही तिची किंमत. सापळा पाठ करून दहा डाव जिंकाल. कारण समजलं तर अकरावाही खेळता येईल.

नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. तिच्यापर्यंतचा रस्ता लांब आहे, पण पहिलं पाऊल फुकट आहे. लिचेसवर ओपनिंग एक्सप्लोरर आणि स्टॉकफिश, दोन्हीला पैसे लागत नाहीत. आज एफ३ चे पाच डाव खेळा. हरलेला डाव आधी स्वतः तपासा, मग इंजिन लावा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!