गवतकापणी यंत्राची झीज

ट्रॅक्टरच्या पाठीमागे जोडून फळबागेतील ओळींमधले गवत छाटणाऱ्या फिरत्या पात्यांच्या यंत्राची तपासणी करावयाची झाल्यास प्रथम इंजिन बंद करून, चावी काढून घेऊन, पाती पूर्ण थांबल्याची खातरजमा करावी आणि उचललेल्या यंत्राखाली भक्कम ठोकळे द्यावेत; केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर त्याखाली हात घालणे ही अक्षम्य हयगय होय.

झीज सर्वाधिक होते ती पात्यांची आणि ज्या बोल्टांवर ती झुलतात त्या बोल्टांची. बोथट पात्याला मूळ कोन राखून धार लावता येते. परंतु ज्यास तडा गेला आहे, जे वाकले आहे, अथवा छिद्रापाशी जे पातळ झाले आहे, असे पाते वेल्डिंग करून पुन्हा चढविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि वेगात तुटलेला तुकडा दूरवरच्या माणसाचाही प्राण घेऊ शकतो. एकच पाते बदलल्यास तोल बिघडून त्या कंपनाने गिअरबॉक्समधील बेअरिंग व ऑइल सील अकाली निकामी होतात. म्हणून समोरासमोरची पाती समान वजनाची घेऊन जोडीनेच बदलावीत.

मिनिटाला बहुधा ५४० फेरे घेणाऱ्या पी.टी.ओ. शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून पाहावेत व सैल आढळल्यास बदलावेत. अडथळा येताच स्वतः तुटून गिअरबॉक्स वाचविणाऱ्या शिअर बोल्टच्या जागी अधिक कठीण बोल्ट बिलकुल बसवू नये. आणि शाफ्टवरील संरक्षक आवरण फुटले असेल, तर नवे चढविल्यावाचून यंत्र कृपया बागेत नेऊ नका.