पाण्याची जागा पाण्याला

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपला येथील समाज मुख्यत्वे शेतकरी. कृष्णा-वारणेकाठची काळी जमीन वाडवडिलांनी कसली आणि तिच्याच उत्पन्नातून मंदिरे, पाठशाळा उभ्या राहिल्या. म्हणून आज जमिनीविषयीच चार शब्द बोलतो.

वाळवा, पलूस, मिरज भागात क्षारपड जमीन पाहिली नाही असा शेतकरी विरळाच. उसाला वारेमाप पाणी दिले, ओढे-नाले बुजवून तेथेही सरी सोडली. भूगर्भातील पाणी वर आले आणि उन्हाने उडून जाताना क्षारांचा पांढरा थर मागे ठेवून गेले. आमचे नदीकाठचे २ एकर रान असेच गेले. चर खणले, जिप्सम टाकले; पण रान इतके सखल की पाण्याला वाट द्यावी तरी कोठून? शेवटी कसणे सोडले. थोरले बंधू म्हणाले, "वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेली जमीन आपण पाण्यात घालवली." ते शब्द आजही सलतात.

पुढे आम्ही तीनच गोष्टी केल्या. चर बुजवले, तणनाशक थांबवले, विलायती बाभूळ काढली. लव्हाळा आला, पाणकणीस आले. मागोमाग बेडूक, चतुर, शेकाट्या आणि जांभळी पाणकोंबडी.

यात नवल नाही. खटाव तालुक्यातील मायणी व येरळवाडीचे तलावही माणसानेच बांधलेले. पण त्यांच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरू लागले आणि २०२१ मध्ये शासनाने तो परिसर पक्षी संवर्धन राखीव म्हणून घोषित केला. तीच येरळा पुढे आपल्या ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. इंग्लंडमध्ये हंटिंग्डनजवळ १८५१ च्या सुमारास एक विस्तीर्ण सरोवर उपसून शेती केली गेली. तेथील माती वाळून इतकी खचली की त्या वेळी जमिनीत पूर्ण गाडलेला लोखंडी खांब आज सुमारे ४ मीटर उघडा पडला आहे. २००१ पासून तेथे शेतजमीन पुन्हा पाणथळ केली जात आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा महापुराला आमचे २ एकर अडवू शकत नाहीत, हे प्रांजळपणे सांगतो. तसेच जेथे सच्छिद्र पाईप टाकून निचरा होतो, तेथे जमीन अवश्य सुधारावी. अल्पभूधारकाच्या ताटातले काढून पाखरांना घालण्याचा उपदेश मी करणार नाही. परंतु जो सखल तुकडा पीक देत नाही आणि आपण केवळ मालकीच्या अभिमानाने धरून ठेवतो, त्याचे काय? परिग्रह-परिमाण व्रतात बाह्य परिग्रहाची गणना 'क्षेत्र' म्हणजे शेतजमिनीपासूनच सुरू होते. त्या तुकड्यावरचा हात सैल केला, तर एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत असंख्य जीवांना अभय मिळते.

गेल्या हिवाळ्यात एका सायंकाळी थोरले बंधू एकटेच रानाकडे गेले. परतल्यावर एवढेच म्हणाले, "पाखरं आलीत." जमीन पाण्यात घालवली, असे त्यांनी त्यानंतर कधी म्हटलेले नाही.

जय जिनेंद्र.