हिवाळी सराव



खेळाच्या तासाला डोकं दुखतंय असं सांगून मी वर्गात बसायचे. तिलाच आज सायकलीवर बोलायला उभं केलंत, पी.टी.च्या सरांना हसू येत असेल!

मार्चमध्ये नोकरीनिमित्त बेल्जियमला चालले आहे. तिथं हौशी सायकलपटूंच्या शर्यतीत उतरायचं ठरवलंय. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ पेशानं डॉक्टर. २०१५ मध्ये दोघांनी मिळून सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. मग आपण निदान सुरुवात तरी करावी!

नोव्हेंबरपासून पहाटे पाचला निघते. भिंगार, चांदबिबी महाल, करंजी घाट आणि परत. हिवाळ्यातला सराव वेगाचा नसतो. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच दमानं तासन्‌तास चालवायचं. आधी दमसास, वेग नंतर. डेडलाइनवर जगणाऱ्या मला तेच जड गेलं.

एकदा घाटात पाथर्डीकडून ऊसतोडीला निघालेला ट्रक थांबला होता. माझ्याच वयाच्या बाईनं विचारलं, "कुठं चाललीस गं?"

"इथूनच परत, घरी."

"मग कशापायी दमती?"

मला उत्तर सुचलं नाही. तिचं अख्खं घर त्या ट्रकमध्ये होतं. मी मात्र हौसेनं निघाले आहे, हे तेव्हा नीट कळलं.

शेवटची आले तरी कळवीन. आई नगरलाच आहे. जाता-येता तिच्याकडे डोकावत जा, एवढीच विनंती.