काळा कोट कुणाचा?



मला कोर्टाच्या कादंबऱ्यांवर बोलायला सांगितलंय. मी मॅट्रिक. गोदीत गोण्या उचलतो, कविता करतो. माझ्या सात पिढ्यांत वकील नाही. आरोपी मात्र प्रत्येक पिढीत आहेत. तेवढ्या हक्कावर बोलतो.

जॉन ग्रिशम हा अमेरिकेतल्या मिसिसिपीचा वकील. १९८९ साली त्याची 'अ टाइम टू किल' ही पहिली कादंबरी आली. दहा वर्षांच्या काळ्या पोरीवर दोन गोरे बलात्कार करतात. तिचा बाप कोर्टातच दोघांना गोळ्या घालतो. खून उघड आहे. तरी एक गोरा वकील त्याला सोडवतो. १९९६ च्या सिनेमात तो ज्यूरीला डोळे मिटायला लावतो, पोरीचे हाल सांगतो आणि शेवटी म्हणतो, आता ती गोरी आहे असं समजा. आपण टाळ्या पिटतो. अरे, पोरगी गोरी झाल्याशिवाय ज्याला पाझर फुटत नाही, तो न्याय कसला?

अशील गुन्हेगार आहे हे ठाऊक असताना वकिलानं त्याला वाचवावं का? अशा पुस्तकांतला हा नेहमीचा पेच. पांढरपेशा वाचक त्यात रात्रभर जागतो. आपला पेच त्याच्या आधीच सुरू होतो. ज्यानं गुन्हा केलाच नाही, त्याला तरी वकील कुठं मिळतो?

स्कॉट्सबरो, अलाबामा, १९३१. मालगाडीतून चाललेली नऊ काळी पोरं. धाकटा तेरा वर्षांचा. दोन गोऱ्या बायांवर बलात्कार केल्याचा खोटा आळ. पंधरा दिवसांत आठ जणांना देहदंड! त्यांच्या बाजूनं वकील उभा राहिला तो थेट खटल्याच्या सकाळी. १९३२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं ह्या शिक्षा रद्द केल्या. असला बचाव म्हणजे बचावच नव्हे, म्हणून.

मग आला न्यूयॉर्कचा सॅम्युअल लायबोविट्झ. अल कपोनसारख्या गुंडाचं वकीलपत्र घेतलेला माणूस. पोरांकडून त्यानं छदाम घेतला नाही. १९३३ साली त्या दोघींतल्या एकीनं साक्षीत सांगितलं, बलात्कार झालाच नाही. तरी गोऱ्या ज्यूरीनं दोषी ठरवलं. लायबोविट्झ हटला नाही. काळ्यांना ज्यूरीतून वगळतात, हा मुद्दा त्यानं १९३५ साली सुप्रीम कोर्टात जिंकला. पोरांची वर्षं तुरुंगात सडली, पण जीव वाचले. आता सांगा, कपोनचा वकील म्हणून त्याला हाकलायचा? गुंडांच्या केसमध्ये धार लावलेली जीभच तिथं कामी आली.

आता कडू घोट. १९७२, चंद्रपूर जिल्हा, देसाईगंज पोलीस चौकी. आदिवासी पोरीची पोलिसांविरुद्ध बलात्काराची फिर्याद. हायकोर्टानं शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत!

आपल्यातले काही जण म्हणतात, असल्यांचं वकीलपत्र कुणी घेऊच नये. राग मलाही येतो. पण वकील बंद करायची ताकद कुणाच्या हातात आहे? आपल्या? उद्या गोदीतून माल गेला, तर पहिलं बोट आपल्याकडेच वळणार. वकीलबंदीचा पहिला बळी आपणच. अमक्या आरोपीचा वकील कुणी होऊ नये, असे वकील संघटनांचे ठराव २०१० साली सुप्रीम कोर्टानं रद्दबातल ठरवले. ते आपल्याच कामाचं आहे.

मग देसाईगंजचं काय? त्या निकालाविरुद्ध बाया रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं बाई म्हणाली, तर कोर्टानं तेच धरून चालायचं. आरोपीचा वकील जागेवरच राहिला, त्याच्या पायाखालची फळी काढली. लढाई अशी करायची.

अटक झालेल्या प्रत्येकाला पसंतीचा वकील करायचा हक्क घटनेच्या २२ व्या कलमानं दिला. १९८७ च्या कायद्यानं दलित-आदिवासींना फुकट वकील मिळतो. वस्तीतल्या किती पोरांना हे माहीत आहे?

कादंबऱ्या वाचा, जरूर वाचा. पण कुणी गोरा नायक येईल म्हणून बसून राहू नका. पोरगा उचलला की त्याच रात्री दोघांनी चौकी गाठा, दोघांनी वकील गाठा. आणि तुमच्यातल्या पाच जणांनी तरी लॉ कॉलेजात नाव घाला. काळा कोट बाबासाहेबांनीही घातला होता.

जयभीम!