ज्याचं दुःख, त्याचा शब्द

सातपुड्यातल्या आमच्या काठीची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. रात्रभर ढोल घुमतात, पहाटे होळी पेटते. त्या ढोलाला व्यासपीठ लागत नाही. कवितेला मात्र लागतं.

तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा भागात श्रमिक संघटनेचं काम करणारे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा पहिला संग्रह १९८७ साली आला. आदिवासींचं दुःख इतरांनीच मंचावरून सांगावं, ही सल मांडणारी त्यांची ‘स्टेज’ कविता गाजली; हिंदी-इंग्रजीत गेली. पुढं आदिवासी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांना मिळालं.

हा गौरव मोलाचाच. पण मला वाटतं, अशा कवितेचं खरं स्वागत टाळ्यांनी होत नाही. ज्याचं दुःख, त्याला बोलू द्यावं आणि आपण खाली बसून ऐकावं. तेवढं आपल्याला जमतं का?