शस्त्रक्रियेआधीचा पंधरवडा



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी प्रथा आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे रात्रपाळीच्या मधल्या सुटीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. वैद्यकावर आम्ही बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आजारी सभासदाला इस्पितळात भेटणे हे युनियनच्या कामातलेच एक काम होय, आणि ते करता करता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. मोठ्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात पैशांची जुळवाजुळव होते, रक्त देणारे शोधले जातात, नवस बोलले जातात. पण ज्याचे ऑपरेशन व्हायचे, त्याच्या ताटात काय पडते आहे हे कोणी पाहत नाही. उलट, ‘जड नको’ म्हणून त्याला पेजेवर आणि वरणाच्या पाण्यावर ठेवतात.

१९३६ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी हायरम स्टडली नावाच्या सर्जनने जठरव्रणासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांचा हिशेब मांडला. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी पाचव्या हिश्श्याहून अधिक घटले होते, त्यांच्यात तिघांमागे एक दगावला. ज्यांचे तितके घटले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा साडेतीन होते. हे सांगणारे यंत्र कोणते? साधा वजनकाटा!

याचे कारण आमच्या कामगारबंधूंना चटकन समजेल. यंत्र दुरुस्तीला खोलण्याआधी शहाणा फिटर सुटे भाग हाताशी ठेवतो. शरीराचे सुटे भाग म्हणजे प्रथिने. जखम भरायला, जंतूंशी झुंजायला, खोकून छाती मोकळी करायला ती लागतात. ऑपरेशनच्या घावाने शरीर स्वतःचे स्नायू मोडून ही गरज भागवते. ज्याचे स्नायू आधीच झडले आहेत, त्याने काय मोडावे? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

जीवनसत्त्वांचेही तसेच आहे. १९३९ च्या सुमारास बोस्टनच्या जॉन क्रँडन या तरुण सर्जनने स्वतःवर प्रयोग केला. ‘क’ जीवनसत्त्व अजिबात नसलेले अन्न त्याने महिनोगणती खाल्ले. तीन महिन्यांनी त्याच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली मात्र आतून भरेना. ते जीवनसत्त्व टोचताच तीही भरू लागली. शरीराची शिल्लक संपेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही, हा त्यातला धडा.

मग प्रत्येकाने ऑपरेशनपूर्वी ताकदीच्या पावडरीचा डबा आणावा काय? नाही. १९९१ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या इस्पितळांनी ३९५ कुपोषित रोग्यांवरील मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना ऑपरेशनपूर्वी आठवडा-दोन आठवडे शिरेतून पोषण दिले, काहींना दिले नाही. जे फार खंगलेले होते, त्यांच्यात जंतुसंसर्ग सोडून इतर गुंतागुंती पुष्कळ कमी झाल्या. जे थोडेच उतरलेले होते, त्यांना फायदा झाला नाही, उलट जंतुसंसर्ग वाढला. औषध ज्याचे त्यालाच लागू पडते. म्हणून आज तज्ज्ञ सांगतात की, आतडे चालत असेल तर तोंडानेच खावे, आणि शिरेचा मार्ग नाइलाजाचा.

तेव्हा पहिले काम वजन करण्याचे. सहा महिन्यांत दहावा हिस्सा वजन गेले असेल, म्हणजे पन्नास किलोचा माणूस पंचेचाळिसावर आला असेल, तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. फार खंगलेल्या रोग्याला सात ते चौदा दिवस पोषण देऊन मगच मोठे ऑपरेशन करावे, कर्करोगाचे असले तरी तेवढे थांबावे, असे युरोपातील तज्ज्ञांचे मत आहे. तातडीच्या ऑपरेशनची गोष्ट अर्थात निराळी; थांबायचे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

अशा रोग्याला रोज वजनाच्या किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने मिळावीत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, दुधाच्या पेल्यात साधारण तितकीच, मूठभर शेंगदाण्यांत सात. भाकरी, डाळ आणि मटकीची उसळ जोडली की बेरीज जमू लागते. भूक मेली असेल, चावता येत नसेल, तेथे पावडरीचा उपयोग खरा. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असेल, तर विचारल्याशिवाय काही करू नये. लसणाच्या गोळ्या, जिनसेंग, गिंको अशा वस्तूंनी रक्तस्राव वाढू शकतो; ‘औषध थोडेच आहे’ म्हणून त्या डॉक्टरांपासून लपवू नयेत. आणि ऑपरेशनच्या दिवशी किती तास उपाशी राहायचे, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. घन अन्न सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद, हा आजचा सामान्य नियम आहे. आदल्या दुपारपासून रोग्याला कोरडे ठेवण्यात पुण्य नाही.

आता मुख्य गोष्ट. हा पंधरवडा आणायचा कोठून? रोजंदारीचा माणूस तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत कामावर जातो, कारण पुढे महिनाभर चूल कशी पेटेल ही त्याला चिंता. पैसे वाचवायचे म्हणून तो नेमके दूध आणि अंडी बंद करतो. घरची बाई आजारी असेल, तर सर्वांचे झाल्यावर उरेल ते तिच्या पानात पडते. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ऑपरेशनच्या बिलात सुरीचा खर्च लागतो, खाटेचा लागतो. या पंधरवड्याचे बिल कोणी फाडत नाही, म्हणून तो कोणाच्याच हिशेबात येत नाही.

१९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार विमा योजनेत आजारपणात वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कम, वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत, देण्याची तरतूद झाली. ती लढून मिळालेली आहे. पण त्यासाठी ‘कामास अयोग्य’ असा दाखला लागतो. आमची डॉक्टरांना विनंती आहे की, खंगलेल्या रोग्याच्या तयारीचे दिवसही त्या दाखल्यात लिहावेत. आणि जो या योजनेच्या बाहेर आहे, बांधकामावरचा, घरकामाची, हातगाडीवाला, त्याच्यासाठी हे तयारीचे दिवस मजुरीसह मान्य व्हावेत, अशी मागणी आपण सर्वांनी केली पाहिजे.

सर्जनचे कौशल्य टेबलावर दिसते. त्या टेबलापर्यंत रोगी कोणत्या अवस्थेत पोहोचतो, हे मात्र त्याचे घर, त्याचा मालक आणि त्याचा समाज ठरवतो. ती जबाबदारी आपली आहे, एवढे आपण मानलेत तरी आमच्या बोलण्याचे सार्थक झाले.